दारातील मोटारीचा आठ वर्षांचा जमाखर्च

बैलजोडी घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि वर्षाकाठी तिला वैरण किती लागेल याचा अजमास मनाशी बांधूनच दावे हाती घेतो. तोच शेतकरी मोटार घेताना मात्र रंग पाहतो, हप्ता विचारतो आणि पेढे वाटतो. हा दोष आम्ही दुसऱ्या कोणास लावीत नाही. २०१७ साली आम्हीही हेच केले. मात्र त्या दिवसापासून आठ वर्षे मोटारीपायी गेलेला पैसा आम्ही एका वहीत टिपीत आलो. तहसील कचेरीत कारकुनी करण्यात जन्म गेला असल्याने नोंद ठेवण्याची खोड अंगी मुरली आहे, एवढेच त्याचे कारण. ती वही आज वाचकांपुढे उघडीत आहोत. मोटारीचे नाव मुद्दामच देत नाही. कोणा कारखान्याची स्तुती वा निंदा करण्याचा आमचा हेतू नाही, आणि आकडे थोड्याफार फरकाने सर्वांचे सारखेच येतात.

मोटार त्या जातीची आहे जिला हल्ली ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हणतात. ही जात कराच्या कोष्टकातून जन्मास आली. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात चार मीटरच्या आतील लांबीच्या आणि पेट्रोलचे १,२०० किंवा डिझेलचे १,५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले. तेव्हापासून चार मीटरांत मावेल अशी, पण दिसावयास जीपसारखी उंच मोटार बनविण्याकडे कारखान्यांचा कल वाढला. आमच्या खेडवळ रस्त्यांवर उंचीचा उपयोग खराच होतो. गाडीवाटेच्या मधल्या उंचवट्यास पोट घासत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यांपैकी बहुतेक मोटारींत इंजिनाची ओढ पुढील दोनच चाकांना असते. रूपाने ती जीप असली तरी पावसाळ्यात काळ्या रानात ती साध्या मोटारीप्रमाणेच रुतते. आमची दोन वेळा रुतली व दोन्ही वेळा ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली.

आता खरेदीची हकीकत. कचेरीत आमच्या टेबलावरून भूसंपादनाच्या मोबदल्याचे कागद जात असत. ज्याची जमीन गेली त्याच्या दारात दोन महिन्यांत नवी मोटार उभी राहिलेली आम्ही किती वेळा पाहिली याची गणती नाही. जमीन जाते ती कायमची आणि मोटार येते ती झिजण्यासाठी, असे आम्ही सहकाऱ्यांस मोठ्या शहाणपणाने सांगत असू. पण भाऊबंदांच्या दारांत मोटारी आल्या तसे आमचेही मन डळमळले. त्या वेळी आमच्यापाशी तीन लाख रुपये शिलकीत होते. थोरल्या बंधूंच्या ओढ्याकाठच्या विहिरीवरून आमच्या दोन एकर डाळिंबापर्यंत पाईपलाईन आणावी यासाठी ते राखून ठेवले होते. पाईपलाईन पुढल्या वर्षी करू, असे म्हणून ते तीन लाख आम्ही मोटारीस भरले व उरलेले साडेसहा लाख साडेनऊ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीवर काढले. एकरकमी कर, नोंदणी आणि पहिला विमा धरून मोटार साडेनऊ लाखांस दारात आली.

पुढल्या वर्षी पाऊस फिरला. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आमचा तालुका होता. बंधूंच्या विहिरीस पाणी होते, पण ते अर्ध्या कोसावर. आणि आमच्या हाती पाईपलाईनचा पैसा नव्हता. महिन्याच्या महिन्यास १३,६५१ रुपयांचा हप्ता मात्र बिनचूक जात होता. टँकरचे पाणी विकत घेऊन काही झाडे राखली. उन्हाळा संपेतो निम्म्याहून अधिक बाग वाळून गेली. त्या दिवसांत आमचे कुटुंब एकदा एवढेच म्हणाले, “अहो, गाडी उन्हात उभी राहिली म्हणून वाळत नाही, झाडं वाळतात.” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. पाईपलाईन शेवटी २०२२ मध्ये, हप्ते फिटल्यावर झाली. त्या बागेचे नुकसान खालील हिशेबात धरलेले नाही. मोटारीच्या वहीत ते लिहिण्यास रकानाच नव्हता.

जून २०१७ ते जून २०२५ या आठ वर्षांत मोटार ९६,००० किलोमीटर चालली. खर्च येणेप्रमाणे:

घसारा (९,५०,००० ची मोटार, २०२५ मध्ये दलालाने केलेली मागणी ४,००,०००): ५,५०,००० रुपये
कर्जावरील व्याज: १,६९,०००
विमा (पहिला सोडून सात वर्षांचा): १,२१,०००
डिझेल (अजमासे ५,३४० लिटर): ४,४३,०००
ठरावीक सर्व्हिसिंग: ६८,०००
दुरुस्ती (क्लच, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक, वायरिंग इत्यादी): ७६,०००
टायर दोन संच व बॅटऱ्या दोन: ६५,०००
टोल, धुलाई, प्रदूषण तपासणी व किरकोळ: ३९,०००
एकूण: १५,३१,००० रुपये

म्हणजे किलोमीटरला जवळजवळ सोळा रुपये पडले. पारावर कोणी विचारले की आम्ही छातीवर हात ठेवून सांगत असू, “साडेचार रुपये किलोमीटर!” कारण डिझेलचा खर्च खरोखरच किलोमीटरला ४ रुपये ६१ पैसे आहे. पंपावर पैसे मोजून द्यावे लागतात म्हणून तेवढाच खर्च डोळ्यांस दिसतो. डिझेल २०१७ मध्ये साठ रुपयांच्या आसपास होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत त्याने शंभरी ओलांडली. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने लिटरमागे १० रुपये व मे २०२२ मध्ये ६ रुपये शुल्क उतरविले, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. या चढउतारावर आम्ही घरोघर चर्चा केली. परंतु आमच्या वहीतील सर्वांत मोठी रक्कम डिझेलची नसून घसाऱ्याची आहे, आणि तिची पावती आठ वर्षांत एकदाही कोणी आमच्या हाती दिली नाही.

घसारा कसा चढतो हे विम्याच्या कोष्टकावरून समजते. विम्यासाठी मोटारीची किंमत ठरविताना नव्या किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के वजा करण्याची रीत आहे. पाच वर्षांत मोटार निम्मी होते. आणि आमचे कर्जही बरोबर पाच वर्षांचेच होते. शेवटचा हप्ता फिटून मोटार आमच्या संपूर्ण मालकीची झाली तेव्हा ती कोष्टकाप्रमाणे अर्धीच उरली होती.

हा खर्च दोन भागांत वाटला म्हणजे नीट उमजतो. घसारा, व्याज आणि विमा मिळून ८,४०,००० रुपये होतात. वर्षास १,०५,००० व दिवसास २८८ रुपये. मोटार अंगणात उभी राहिली तरी हे २८८ रुपये सूर्य मावळेपर्यंत जातातच. उरलेला ६,९१,००० हा चालण्याचा खर्च होय. तो किलोमीटरला ७ रुपये २० पैसे पडतो. आता ज्याने त्याने आपले वर्षाचे किलोमीटर घालून पाहावे. वर्षास ६,००० किलोमीटर फिरणाऱ्यास किलोमीटर २४ रुपये ७० पैशांस पडेल. २०,००० फिरणाऱ्यास १२ रुपये ४५ पैशांस. आमच्या बाजारपेठेत अशीच मोटार भाड्याने किलोमीटरला १४ रुपयांस मिळते. त्या दराने वर्षास सुमारे १५,४०० किलोमीटर फिरणे असेल तरच स्वतःची मोटार बरोबरीस येते. आम्ही फिरलो १२,०००. म्हणजे आठ वर्षांत १,८७,००० रुपये जास्त मोजले. पूर्वी भाडे याहून कमी होते, तेव्हा खरा फरक याहून मोठाच असणार. शिवाय आमच्या स्वतःच्या तीन लाखांवरील बुडालेले व्याज यात धरलेले नाही.

आता ज्यांनी मोटार घेतलीच आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी.

जाहिरातीत लिटरला जे किलोमीटर छापतात ते चाचणीतले असतात. आपल्या रस्त्यांवर त्याचा पाऊण भाग धरावा; आम्हांस सरासरी १८ मिळाले. टायरमधील हवा पंधरा दिवसांनी तपासावी आणि धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर ठरल्या मुदतीपूर्वीच काढून पाहावा. ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये साठविलेले डिझेल मोटारीत ओतू नये; त्यातील पाणी व गाळ इंजेक्टरास मारक आहे.

सर्व्हिसिंगच्या वेळी मोटारीबरोबर मिळालेली छापील पुस्तिका सोबत न्यावी. किती किलोमीटरवर काय बदलावयाचे हे तीत लिहिलेले असते. आमच्या एका बिलात पुस्तिकेत नसलेल्या तीन बाबी निघाल्या. विचारणा करताच २,८०० रुपये कमी झाले. न विचारता ज्यांनी भरले असतील त्यांची संख्या ईश्वरास ठाऊक.

विम्याचे दोन भाग असतात. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा असून त्याचा दर सर्व कंपन्यांस सारखा असतो; १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीस तो जून २०२२ पासून ३,४१६ रुपये झाला. आपल्या मोटारीच्या नुकसानीचा भाग मात्र कंपनीगणिक वेगळा, म्हणून दरवर्षी दोनतीन ठिकाणी विचारावे. वर्षभर दावा केला नाही तर या भागावर पहिल्या वर्षी २० टक्के सूट मिळते व ती पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत चढते. आम्ही बंपर फुटला म्हणून चार हजारांचा दावा केला आणि पुढल्या वर्षाची ४,९०० रुपयांची सूट गमावली. शिवाय पुन्हा पहिल्या पायरीवर आलो. लहान खर्च पदरचा करावा, दावा मोठ्या आपत्तीसाठी राखावा. खासगी नोंदणीची मोटार भाड्याने फिरवू नये. अशा वेळी अपघात झाल्यास कंपनी दावा नाकारते.

गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठारात मोटार ठेवू नये. आमच्या मोटारीचे वायरिंग उंदरांनी कुरतडले व आठ हजार रुपये गेले. पुराच्या पाण्यात मोटार बंद पडली तर पुन्हा चालू करण्याचा मोह टाळावा. इंजिनात पाणी ओढले गेल्यास ते फुटते, आणि तसे नुकसान साध्या विम्यात भरून मिळत नाही. तशी मोटार ओढूनच न्यावी.

हे सर्व लिहून झाल्यावर एक नोंद लपविली तर आम्ही अप्रामाणिक ठरू. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, रात्री दीडच्या सुमारास थोरल्या बंधूंचा श्वास लागला. रुग्णवाहिका मिळेना, आणि भाड्याच्या मोटारीवाले त्या दिवसांत रुग्णास घेण्यास धजत नव्हते; त्यांचाही दोष म्हणता येत नाही. आम्ही बंधूंना मागील आसनावर निजविले व खिडक्या उघड्या ठेवून मोटार हाकली. तिसऱ्या रुग्णालयात खाट मिळाली. अठरा दिवसांनी बंधू चालत घरी आले. वहीत त्या रात्रीपुढे ‘११४ किलोमीटर’ एवढेच लिहिले आहे. १,८७,००० रुपयांच्या तोट्यापुढे ही नोंद ठेवली म्हणजे तोटा हा शब्द जिभेवर येत नाही. परंतु ज्यांच्या विहिरीच्या पाण्याविना आमची बाग वाळली तेही हेच बंधू, हेही खरे.

सबब आमचे मत असे: मोटार घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. पाण्याची सोय आधी, मोटार मागाहून. जमिनीचा मोबदला किंवा बागेचा राखीव पैसा तीत घालू नये. कर्ज होईल तितके लहान काढावे. घेतलीच तर लवकर बदलू नये, कारण घसाऱ्याचा मोठा घास पहिल्या पाच वर्षांतच जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आल्याने नव्या मोटारी स्वस्त झाल्या व अनेकांचा हात खिशाकडे गेला. पण नवी स्वस्त झाली की जुनीची किंमतही खाली येते, हे विसरू नये. आमची मोटार आम्ही विकलेली नाही. आता तीवर व्याज नाही, घसारा थोडा, म्हणून हिचीच पुढील वर्षे सर्वांत स्वस्त पडतील असा अजमास आहे.

गेल्या दिवाळीत पुतण्या सल्ला विचारण्यास आला होता. त्याचे फिरणे वर्षास सात हजार किलोमीटरांचे. आमच्याच आकड्यांनी हिशेब मांडून दाखविला: स्वतःची मोटार १,५५,४००, भाड्याची ९८,०००. त्याने वही घरी नेली आहे. अद्याप परत आणलेली नाही.