दीड हजारात कोण घरी बसतं?

‘आता कामवाल्या बायका मिळायच्याच नाहीत. घरबसल्या दीड हजार मिळतात ना त्यांना!’

नेरूळ, सीवूड्स, वाशी, खारघर; सोसायटी कुठलीही असो. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे पहिले पैसे ऑगस्ट २०२४ मध्ये खात्यांत पडले, तेव्हापासून हे वाक्य लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी आणि व्हॉट्सॲपवर ऐकू येतं आहे. बोलणारी माणसं शिकलेली असतात, हिशेबी असतात. म्युच्युअल फंडाचा परतावा त्यांना दशांशासकट पाठ असतो. हा एवढा एक हिशेब मात्र कुणी मांडत नाही. तो आधी मांडू, मग बाकीचं बोलू.

गैरसमज : रोख मदत मिळाली की गरीब माणूस काम सोडतो

दीड हजार भागिले तीस, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत घरगुती गॅस सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना होता. एक सिलिंडर घेतला की साडेसहाशेसुद्धा उरत नाहीत. त्यात तुर्भे स्टोअरमधल्या किंवा दिघ्याच्या इलठणपाड्यातल्या खोलीचं भाडं, विजेचं बिल, मुलांच्या वह्या आणि तेल-डाळ बसवून दाखवा. बसलं, तर ‘घरी बसतात’ हे म्हणणं मान्य करू.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. आपल्या सोसायट्यांत एका घरच्या भांडी-फरशीचे महिन्याला साधारण दीड-दोन हजारच मिळतात. चार घरं करणारी बाई लाडक्या बहिणीच्या जोरावर काम सोडून बसली, तर तिचे सहा-आठ हजार जातात आणि दीड हजार येतात. असा व्यवहार कोण करतं? ज्या बाईला महिनाअखेरीला पाच रुपयांचाही हिशेब ठेवावा लागतो, तीच एवढा ढोबळ तोटा डोळे मिटून सोसेल, हे आपण कसं गृहीत धरतो?

शिवाय ज्यांच्याबद्दल हे बोललं जातं, त्यांतल्या बऱ्याच जणींना हे पैसे मिळतच नाहीत. योजना २१ ते ६५ वयाच्या, वर्षाला अडीच लाखांच्या आत कुटुंबाचं उत्पन्न असलेल्या आणि महाराष्ट्राच्या रहिवासी असलेल्या बायकांसाठी आहे. अधिवासाचा दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र असं काही दाखवावं लागतं. चार-पाच वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून किंवा बंगालमधून आलेल्या बाईकडे असा कागद कुठून येणार? ती आज कामावर आली नाही, त्याचा या योजनेशी काडीचा संबंध नाही.

हे झालं अंकगणित. आता पुरावा, कारण ‘आमच्याकडची बाई तर…’ अशा एका उदाहरणावर धोरण ठरत नसतं.

अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सहा विकसनशील देशांतल्या सात सरकारी रोख मदत कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. (त्यांतल्या बऱ्याच कार्यक्रमांना मुलांना शाळेत पाठवण्यासारख्या अटी होत्या, हेही सांगायला हवं.) मदत मिळाल्यावर पुरुषांनी किंवा बायकांनी काम कमी केल्याचं त्यांना कुठेही ठोसपणे दिसलं नाही. बॅनर्जींना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्यांनी लिहिलेलं वाचायचं मात्र राहून गेलं.

परदेशातलं नको असेल तर मध्य प्रदेश घ्या. इला भट्ट यांनी उभ्या केलेल्या ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११ पासून तिथल्या आठ गावांत आणि नंतर एका आदिवासी गावात प्रयोग केला. सुरुवातीला दर प्रौढाला महिन्याला २०० रुपये आणि मुलामागे १००, पुढे ३०० आणि १५०. खर्चावर कसलीही अट नाही, पावती नाही, भाषण नाही. ज्या गावांना पैसे मिळाले नाहीत, त्यांच्याशी तुलना केली. जेवणात सुधारणा झाली, मुलांची शाळेतली हजेरी वाढली, आणि लोक दुसऱ्याच्या शेतावरच्या मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे, लहानसहान धंद्याकडे वळले. कामाचं प्रमाण घटलं नाही, उलट वाढलं. या लोकांनी सोडला असेल तर मालक सोडला, काम नाही.

मध्य प्रदेशातलाच आणखी एक अभ्यास २०२१ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. त्यात रोजगार हमीची मजुरी थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खातं कसं वापरायचं ते तिला शिकवलं. हा पैसा मदतीचा नव्हता, तिच्या घामाचाच होता. बदललं होतं ते फक्त खातं. त्या बायका पुढे जास्त काम करू लागल्या, रोजगार हमीवरही आणि बाहेरही. पैशावर आपला हात आहे म्हटल्यावर कमवायची उमेद वाढते, यात नवल काय?

उलट निघालेला निष्कर्षही लपवायला नको. अमेरिकेत इलिनॉय आणि टेक्ससमध्ये एक हजार कमी उत्पन्नाच्या लोकांना तीन वर्षं दरमहा एक हजार डॉलर दिले गेले. २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा त्यांचं काम आठवड्याला सरासरी सव्वा तासाच्या आसपास कमी झालेलं दिसलं. दरमहा हजार डॉलर मिळूनही घट एवढीच. इथे आपण पन्नास रुपये रोजावर बोलतो आहोत.

तरीही लिफ्टमधल्या त्या तक्रारीत एक कण खरा असू शकतो. दीड हजार म्हणजे साधारण एका घरचा पगार. चार घरं करणाऱ्या बाईच्या हाती तेवढी रक्कम वेगळी आली, तर चौथं घर सोडण्याची सोय तिला होते. आणि ती सोडते कुठलं घर? जिथे पगार सगळ्यात कमी, एका खाड्याचे पैसे कापले जातात आणि दिवाळीलाही हात आखडता, तेच. तुमच्याकडची बाई अशी गेली असेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी शेजारी किती पगार देतात ते विचारून पाहा. नोकरी बदलून पगार वाढवून घेणाऱ्या आयटीतल्या मुलाचं आपण कौतुक करतो. तेच तिने केलं.

आणि ‘आमच्या कराच्या पैशावर’ म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या गृहकर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा साठ हजारांहून जास्त कर त्यातून वाचतो. लाडक्या बहिणीला वर्षाचे मिळतात अठरा हजार. ही वजावट घेतल्यापासून वाशीतल्या कुठल्या फ्लॅटधारकाने ऑफिसला जाणं सोडलं, ते कळवावं.

मग घरात बदलतं तरी काय?

सगळ्यात आधी उसनवारी. कमी उत्पन्नाच्या घरात कमाई कमी असतेच, पण खरा जाच असतो ती कधी येईल याचा भरवसा नसण्याचा. नाक्यावर उभं राहून आठवड्यात तीनच दिवस काम मिळतं, बाजार समितीत माल कमी आला की कांदा-लसूण निवडणाऱ्या बायकांना परत पाठवतात, आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र ठरल्या दिवशी दारात उभा असतो. अशा घरात दीड हजारांमुळे श्रीमंती येत नाही. एक हप्ता चुकत नाही, एक दागिना गहाण पडत नाही, तापाने फणफणलेलं पोर दुसऱ्या दिवशी नव्हे तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जातं.

दुसरा बदल डोक्यातला. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. तोच शेतकरी तोडणीआधी, हात तंग असताना, विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडत होता आणि पैसे हाती आल्यावर चांगली कामगिरी करत होता. ‘गरिबांना नियोजन जमत नाही’ असं आपण म्हणतो. टंचाईच डोकं व्यापून टाकते, हे लक्षात घेत नाही.

तिसरा बदल घरातल्या वजनाचा. पैसे आधारशी जोडलेल्या तिच्या नावाच्या खात्यात येतात, त्यामुळे निदान विचारावं तरी तिलाच लागतं. प्रत्येक घरात तिचंच चालतं असं नाही. पण सुरुवात तिच्या पासबुकापासून होते.

गैरसमज : पैसे शेवटी दारूतच जातात

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त तपासला गेलेला समज. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी २०१४ मध्ये लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातल्या १९ अभ्यासांचा आढावा घेतला. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नाही, काही ठिकाणी तर तो घटतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मध्य प्रदेशातल्या प्रयोगातही दारू वाढली नाही. पिणारा नवरा योजनेआधीही पीतच होता, स्वतःच्या मजुरीवर. ती त्याच्या घराची अडचण आहे, योजनेचा परिणाम नाही.

आणखी काही, थोडक्यात

*‘ही निवडणुकीपुरती काढलेली कल्पना.’* घोषणा जून २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक नोव्हेंबरमध्ये. मुहूर्त राजकीय होता, यात शंका नाही. कल्पना मात्र जुनी. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आहे, गोव्यात ‘गृह आधार’ २०१२ पासून.

*‘निम्मे लाभार्थी बोगस आहेत.’* जुलै २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं, की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचं आढळलं आणि त्यांचा लाभ थांबवला. त्यात पुरुषही होते. हे लाजिरवाणं आहेच. पण सुमारे अडीच कोटींत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास बसतं, निम्मं नाही. चूक पडताळणी न करता पैसे वाटण्याची होती.

*‘रोख वाटली की महागाई वाढते.’* केनियात साडेदहा हजार कुटुंबांना प्रत्येकी सुमारे एक हजार डॉलर दिल्यावर आसपासच्या गावांत भाव वाढले जेमतेम ०.१ टक्का. पैसा फिरला तो गावातल्याच दुकानदारांकडे.

*‘रोख नको, धान्य द्या.’* धान्य रेशनवर मिळतंच, मिळायलाच हवं. पण तांदळाने रिक्षाचं भाडं देता येत नाही आणि औषधही घेता येत नाही.

*‘राज्य बुडणार.’* हा गैरसमज नाही, रास्त प्रश्न आहे. २०२५-२६ च्या सुमारे सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास. एवढ्या पैशात दुसरं काय झालं असतं, हे जरूर विचारा. फक्त ‘बायका आळशी होतात’ हे त्याचं उत्तर नाही.

*‘दीड हजारांनी गरिबी हटेल.’* हा समर्थकांचा गैरसमज. अमेरिकेत गरीब मातांना मूल जन्मल्यापासून दरमहा ३३३ डॉलर दिले, तरी चौथ्या वर्षी मुलांच्या विकासात ठळक फरक दिसला नाही. रोख रक्कम ही महापालिकेच्या चांगल्या शाळेची, दवाखान्याची किंवा नळाच्या पाण्याची जागा घेत नाही.

योजनेवर राग काढायचाच असेल, तर तो काढायला खरी कारणं भरपूर आहेत. हप्त्याला ठरलेली तारीख नाही. कधी सणाच्या तोंडावर दोन हप्ते एकदम, कधी महिना उलटून जातो. निवडणुकीत २१०० रुपयांचं आश्वासन दिलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचं करताना नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली. जिचे दोघेही हयात नाहीत, तिने काय करायचं, हे मागाहून सुचलं. महिन्याचं गणित सोपं करणारा पैसा तारखेलाच येत नसेल, तर त्याचा निम्मा उपयोग तिथेच संपतो.

तेव्हा दोन कामं करा. तुमच्याकडे येणाऱ्या ताईंचं ई-केवायसी झालं आहे का, खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते फोनवर तपासून द्या. दहा मिनिटांचं काम आहे. आणि एखाद्या दिवशी त्या आल्या नाहीत, तर योजनेला नावं ठेवण्याआधी त्यांना फोन करून बरं आहे ना, एवढं विचारा.