बाग आखू या



'बाग' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. दोन्ही भाषांनी तो फारसीतून घेतला. 'गुलाब' आणि 'बगीचा' हे शब्दही असेच आपल्याकडे आले. घरामागच्या मोकळ्या जागेला मराठीत 'परस' म्हणतात. तेथे भाज्या आणि फुलझाडे लावली, की परसबाग तयार होते. या एका शब्दात मराठी 'परस' आणि फारसी 'बाग' शेजाऱ्यांसारखे नांदत आहेत. अशी बाग लावण्यापूर्वी ती कशी आखावी, हे या पाठात आपण पाहू या.

पुष्कळ लोक बागेची सुरुवात रोपे विकत आणण्यापासून करतात. फुललेला गुलाब दिसतो, तो घरी येतो आणि जेथे जागा मिळेल तेथे ठेवला जातो. पंधरा दिवसांत त्याची पाने पिवळी पडतात. मग घरातले म्हणतात, "आमच्या हाताला गुण नाही!" खरे तर हाताचा काही दोष नसतो. गुलाबाला भरपूर ऊन हवे असते आणि तो सावलीत ठेवलेला असतो. म्हणून रोपे आणण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. ऊन कोठे येते? पाणी कोठून येईल? माणसे कोठून चालतील?

हे प्रश्न फार जुने आहेत. इराणमध्ये पासारगाद येथे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजबागेचे अवशेष सापडले आहेत. तेथे दगडात कोरलेले पाण्याचे पाट आजही दिसतात. कोरड्या प्रदेशात पाण्यावाचून बाग शक्य नव्हती. त्यामुळे आधी पाट आखले जात आणि त्यांच्या कडेने झाडे लावली जात. पुढे यातूनच 'चारबाग' ही पद्धत रूढ झाली. दोन सरळ वाटा किंवा पाट एकमेकांना मध्यभागी छेदतात आणि जमिनीचे चार सारखे भाग पडतात, म्हणून ती चारबाग.

बाबर १५२६ साली आग्र्याला आला, तेव्हा तेथे वाहत्या पाण्याची सोय नाही याचे त्याला फार वाईट वाटले. तरी त्याने यमुनेच्या काठी बाग करायचे ठरवलेच. त्या कामाची सुरुवात मोठी विहीर खोदण्यापासून झाली, असे 'बाबरनामा' या त्याच्या आत्मचरित्रातून कळते. आधी पाणी, मग वाफे आणि फुले, असा तो क्रम होता.

चारबाग पाहायला इराणला किंवा आग्र्याला जायला हवे असे नाही. आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादेत 'बीबी का मकबरा' आहे. सतराव्या शतकात दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ तो बांधला गेला. सहलीला तेथे गेलात तर केवळ घुमटाकडे पाहू नका. सरळ वाटा, पाण्याचे पाट, कारंजी आणि हिरवळीचे चौकोनही पाहा. सगळी बाग जणू फूटपट्टी घेऊन आखलेली दिसेल.

आता आपल्या घराकडे येऊ. एक चौकटींचा कागद, पेन्सिल आणि मोजपट्टी घ्या. अंगण किंवा गॅलरी मोजा. एक फूट म्हणजे कागदावर एक सेंटिमीटर, असे प्रमाण धरून जागेचे चित्र काढा. दार, खिडकी, नळ, मोरी आणि कपडे वाळवण्याची दोरी हेही त्यात दाखवा. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढा. हा तुमच्या बागेचा आराखडा.

यानंतर सुटीच्या दिवशी उन्हाची नोंद करा. सकाळी ८, १० आणि १२ वाजता, तसेच दुपारी २ आणि ४ वाजता ऊन कोठे पडते ते आराखड्यावर पिवळ्या रंगाने दाखवा. जेथे पाचसहा तास ऊन राहते तेथे टोमॅटो, मिरची, वांगी आणि गुलाब लावता येतात. तीनचार तास ऊन मिळाले तरी मेथी, पालक, कोथिंबीर आणि पुदिना येतो. जेथे ऊन येतच नाही पण उजेड असतो, तेथे मनीप्लांट आणि नेचे शोभतात. पश्चिमेचे दुपारचे ऊन कडक असते. तेथे कोरफड आणि सदाफुली तग धरतात.

ऊन वर्षभर एका जागी राहत नाही, हेही लक्षात ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये दक्षिणेकडच्या खिडकीत भरपूर ऊन येते. मेच्या अखेरीस मात्र मुंबईत भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. तेव्हा दक्षिणेची खिडकी सावलीत जाते आणि उत्तरेच्या गॅलरीत थोडे ऊन येते. म्हणून उन्हाची नोंद हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करावी. कुंड्यांची हीच सोय आहे. ऊन सरकले की कुंडीही सरकवता येते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. आपल्या राज्यात कित्येक गावांत आणि वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. घरात पिण्याच्या पाण्याची ओढ असताना बागेला बादल्या ओतणे शोभत नाही. पण तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी रोज वाया जाते. ते एका भांड्यात साठवले तर चारपाच कुंड्यांची तहान भागते. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र कुंडीत घालू नये. कोकणात न्हाणीघराचे पाणी परसातल्या केळी आणि अळूकडे वळवण्याची जुनी रीत आहे. जास्त पाणी लागणारे झाड पाण्याच्या वाटेवर लावायचे, हा त्यामागचा विचार. तुम्हीही आराखड्यावर मोरी किंवा नळ पाहा आणि तहानलेली झाडे त्याच्या जवळ ठेवा.

पाणी सकाळी किंवा संध्याकाळी घालावे. मातीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. मातीवर वाळलेल्या पानांचा थर पसरला की ओल जास्त वेळ टिकते.

तिसरा प्रश्न वाटेचा. वाफा म्हणजे क्यारी. वाफ्यात पाय ठेवला तर माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून वाफ्याची रुंदी आपल्या हाताच्या मापाने ठरवावी. बसून हात लांब केला तर तो साधारण दोन फुटांपर्यंत पोहोचतो. भिंतीला लागून असलेला वाफा दोन फूट रुंद ठेवावा. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर तो चार फूट रुंद चालतो.

आता दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अंगणाची एक छोटी चारबाग आखू या. मध्यभागी एकमेकींना छेदणाऱ्या दोन फूट रुंदीच्या दोन वाटा काढा. चार कोपऱ्यांत प्रत्येकी चार फुटांचे चौरस वाफे उरतील. म्हणजे शंभर चौरस फुटांपैकी ६४ चौरस फूट झाडांसाठी आणि ३६ चौरस फूट वाटांसाठी. अंगणाला चारी बाजूंनी भिंत असेल, तर प्रत्येक वाफ्याचा भिंतीकडचा कोपरा हाताच्या टप्प्याबाहेर राहील. तेथे रोज हात लावावा लागत नाही अशी झाडे लावा. उत्तरेच्या दोन कोपऱ्यांत लिंबू आणि कढीपत्ता लावा. ही उंच झाडे उत्तरेला असली म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली भाज्यांवर पडत नाही. दक्षिणेच्या कोपऱ्यांत मोगरा आणि सब्जा लावा. उर्दूत ज्याला 'रैहान' म्हणतात, तोच हा सब्जा. फालुद्यात त्याचेच बी असते. वाटेच्या कडेला पालेभाज्या पेरा, म्हणजे वाटेवर बसूनच त्या खुडता येतील. भिंत नसेल तर मेंदीचे कुंपण करा. दोन वाटा जेथे मिळतात तेथे पूर्वी हौद असे. आपण तेथे पक्ष्यांसाठी मातीचे पसरट भांडे ठेवू आणि त्यातील पाणी रोज बदलू.

पण अंगणच नसेल तर? मुंबई, भिवंडी, मालेगाव यांसारख्या शहरांत अनेक कुटुंबे एकदोन खोल्यांत राहतात. त्यांनी बागेचा विचार सोडायचा का? मुळीच नाही. तीन फूट रुंद आणि आठ फूट लांब गॅलरी घ्या. त्यात चालण्यासाठी दोन फूट जागा मोकळी सोडा. कठड्याच्या बाजूला जमिनीवर एका ओळीत पाचसहा कुंड्या मांडा. एका कुंडीत गोकर्णाचा वेल लावून तो दोरीवरून वर चढवा. जमीन कमी असली तरी भिंतीची उंची आपल्या उपयोगी पडते. पुदिन्याला मात्र स्वतंत्र कुंडी द्या. त्याची मुळे भराभर पसरतात आणि शेजारच्या रोपाला जागा देत नाहीत. चाळीतली गॅलरी सर्वांच्या येण्याजाण्याची वाट असते. तेथे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय कुंड्या मांडू नयेत.

उंचावर बाग करताना तीन गोष्टींची काळजी घ्या. पहिली गोष्ट, कठड्यावर किंवा खिडकीच्या काठावर कुंडी मोकळी ठेवू नका. वाऱ्याने ती पडली तर खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतेल. दुसरी गोष्ट वजनाची. पंधरा लिटरची बादली ओल्या मातीने भरली तर तिचे वजन वीस किलोंच्या वर जाते. म्हणून मातीत शेणखत, पालापाचोळा आणि नारळाचा भुसा मिसळून ती हलकी करावी. गच्चीवर मोठ्या कुंड्या ठेवण्यापूर्वी घरातील मोठ्यांमार्फत जाणकाराचा सल्ला घ्यावा. तिसरी गोष्ट डासांची. डेंग्यू पसरवणारा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आठदहा दिवस पुरतात. म्हणून कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात.

कुंडी विकतच आणायला हवी असे नाही. तेलाचा रिकामा डबा, फुटकी बादली किंवा जुना माठही चालतो. तळाशी भोके पाडा, त्यांवर खापरीचे तुकडे ठेवा आणि मग माती भरा. भोके नसतील तर पाणी तुंबते आणि मुळे कुजतात. सुरुवात मेथीपासून करा, कारण ती महिन्याभरात खुडण्याजोगी होते. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून त्यांचे दोन भाग करा आणि पेरा. अंकुर दिसायला दहाएक दिवस लागतात, तोवर धीर धरा.

मित्रांनो, उर्दूत 'फिरदौस' असा एक सुंदर शब्द आहे. भाषेचे अभ्यासक त्याचे मूळ प्राचीन इराणी भाषेतील एका शब्दात शोधतात. त्या शब्दाचा अर्थ 'भोवती कुंपण घातलेली जागा' असा होता. म्हणजे ती जागा किती मोठी आहे, याला महत्त्व नव्हते. कोणीतरी ती आखली होती आणि जपली होती, हे महत्त्वाचे होते. तुमची जागा दहा फुटांची असो किंवा एका खिडकीएवढी असो, या सुटीत तिचा आराखडा काढा. उन्हाची नोंद करा, पाण्याचा हिशेब मांडा आणि मगच पहिले बी पेरा. आराखडा वर्गात आणून गुरुजींना आणि मित्रांना दाखवायला विसरू नका.