पहाडपूरचा सोमपूर महाविहार

सोमपूर महाविहार हा पाल घराण्यातील राजा धर्मपाल याने आठव्या शतकाच्या अखेरीस उभारलेला बौद्ध मठ. त्याचे अवशेष बांगलादेशाच्या नौगाव जिल्ह्यात पहाडपूर येथे आहेत. ही ओळख पक्की झाली ती उत्खननात मिळालेल्या मातीच्या मुद्रांमुळे; सोमपूर येथील धर्मपालदेवाच्या महाविहारातील भिक्षुसंघाचा उल्लेख त्यांच्यावर आहे.

1879 मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी या अवशेषांचे टेकाड खणायला घेतले, पण बलिहारच्या जमीनदाराने विरोध केल्याने काम फारसे पुढे गेले नाही. पद्धतशीर उत्खनन 1923 मध्ये सुरू झाले. त्याची सूत्रे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे पुत्र देवदत्त भांडारकर यांच्याकडे होती. पुढे राखालदास बंदोपाध्याय आणि मूळचे पंढरपूरचे काशिनाथ नारायण दीक्षित यांनी ते चालवले. दीक्षितांचा 1938 चा अहवाल आजही या स्थळाच्या अभ्यासाचा पाया आहे.

विहार जवळपास चौरस असून प्रत्येक बाजू सुमारे 280 मीटर आहे. चारही बाजूंना मिळून भिक्षूंच्या 177 खोल्या आहेत, उत्तरेला 45 आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना 44-44. मुख्य दरवाजा उत्तरेकडे. आतल्या खोल्यांपैकी 92 खोल्यांत नक्षीदार चौथरे सापडले. मुळात राहण्यासाठी बांधलेल्या या खोल्या पुढे पूजेसाठी वापरात आल्या असाव्यात, असे त्यावरून दिसते.

अंगणाच्या मध्यभागी क्रुसाच्या आकाराचे, टप्प्याटप्प्याने चढत जाणारे विटांचे मंदिर आहे. माथा ढासळूनही ते वीस मीटरहून उंच आहे. म्यानमार आणि जावा येथील मंदिरांच्या मांडणीशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. पण पहाडपूरचे खरे वैभव आराखड्यात नसून भिंतींवरच्या भाजलेल्या मातीच्या फलकांत आहे. असे दोन हजारांहून अधिक फलक मूळ जागीच आढळले. शास्त्रातल्या मूर्तिलक्षणांत न अडकलेल्या कारागिरांनी त्यांवर माकडे, हत्ती, साप, शबर स्त्री-पुरुष, डोंबारी, वादक, वाटसरू असे डोळ्यांसमोरचे जग उमटवले. देवही आहेत, पण गर्दीतले एक म्हणून.

पायाजवळच्या 63 दगडी मूर्तींमध्ये बौद्ध मूर्ती केवळ एक, पद्मपाणी बोधिसत्त्वाची. बाकीच्या बहुतेक ब्राह्मणी देवतांच्या आहेत, कृष्णकथेतले प्रसंगही त्यांत येतात. त्या जुन्या देवळांतून आणून बसवल्या असाव्यात, असा तर्क आहे. जागेचा इतिहास त्याहूनही मागे जातो. इथेच मिळालेल्या इ.स. 479 च्या ताम्रपटात नाथशर्मा नावाच्या ब्राह्मणाने आणि त्याची पत्नी रामी हिने वटगोहाली येथील जैन विहाराला जमीन दान दिल्याची नोंद आहे.

अकराव्या शतकात बौद्ध आचार्य अतीश दीपंकर यांचे वास्तव्य इथे होते. वंगालच्या सैन्याने विहाराला आग लावली, तीत करुणाश्रीमित्र हा भिक्षू मरण पावला, असे नालंदा येथील एक शिलालेख सांगतो. त्याच्याच परंपरेतल्या विपुलश्रीमित्राने पुढे विहाराची डागडुजी केली आणि तारेचे मंदिर बांधले. बाराव्या शतकानंतर मात्र वस्ती ओसरत गेली.

1985 मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. सखल भागात साचणारे पाणी आणि विटांत मुरणारे क्षार हे जतनातले मोठे अडथळे आहेत. क्षारांनी फलकांचा पृष्ठभाग भुगा होऊन गळतो.