फोनच्या पोटात : रीसेटची घाई

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेला फोन चार्जिंगनंतर लोगोवर अडकला आणि मग आपणहून रिकव्हरी या दुरुस्तीच्या मोडमध्ये गेला. पडद्यावर डेटा खराब झाला असावा असा संदेश आणि खाली दोनच पर्याय : पुन्हा प्रयत्न करा, किंवा फॅक्टरी रीसेट. दुकानदार म्हणतो, रीसेट मारू, लगेच चालू होईल. मारू द्यावा का? फोनमधलं काही हवं असेल आणि त्याची प्रत दुसरीकडे नसेल, तर माझं उत्तर ‘आत्ता नाही’ असं आहे. फोन उठवणं आणि त्यातला डेटा वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. रीसेट पहिलं काम करताना दुसऱ्याची वाट कायमची बंद करतो.

रीसेटला नाव मिळालंय ते उगाच नाही. अँड्रॉइडची सिस्टिम पार्टिशनं रोजच्या वापरात फक्त वाचली जातात, त्यांच्यावर लिहिलं जातं ते अपडेटच्या वेळी. अँड्रॉइड ७ पासून आलेल्या, सिस्टिमच्या दोन प्रती ठेवणाऱ्या दोन स्लॉटच्या रचनेत तर अपडेटही चालू नसलेल्या स्लॉटवर उतरतो. सतत लिहिलं जातं ते युजरडेटा पार्टिशनवर : फोटो, संदेश, ॲपच्या नोंदी, सगळं तिथेच. त्यामुळे वीज अचानक तुटली तर घाव बहुधा तिथेच बसतो. नुसतं सॉफ्टवेअर मारून फोन पुष्कळदा का उठत नाही आणि रीसेटनं का उठतो, याचं उत्तर यात आहे. दुकानदाराचा अनुभव खरा आहे. पण फोन उठतो तो युजरडेटा दुरुस्त झाला म्हणून नाही, तो टाकून देऊन नवा मांडला म्हणून.

आणि टाकून दिलेलं सगळं खराब असतं का? फ्लॅश चिपमध्ये लिहिलेल्या जागेवर पुन्हा थेट लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, म्हणून कंट्रोलर नवी माहिती दुसरीकडे लिहितो आणि कुठे काय आहे याचा नकाशा बदलत राहतो. त्यावर एक्सटी-४ किंवा एफ-टू-एफएस ही फाइल सिस्टिम स्वतःच्या नोंदी ठेवते. लिहिता लिहिता वीज गेली, की अर्धवट राहतात त्या बहुतेक वेळा याच नोंदी. सातबाऱ्यावरची नोंद बिघडली म्हणून शेत नाहीसं होत नाही, तसे हजारो फोटो जागच्या जागी असू शकतात. रिकव्हरीचा संदेश एवढंच सांगतो, की युजरडेटा जोडता किंवा उघडता आला नाही. पुष्कळ फोनांत त्याखाली बारीक अक्षरांत कारणाची ओळ असते. फाइल सिस्टिम जोडताना गाडं अडलं की एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांपाशी, हे तिच्यावरून बरंच कळतं. त्या ओळीचा दुसऱ्या फोननं फोटो काढून ठेवा, दुरुस्ती करणाऱ्याला तीच सगळ्यात उपयोगी पडते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : रीसेटनंतरही रिकव्हरी सॉफ्टवेअरनं फोटो परत काढता येतात, नाहीतर चिप उतरवून वाचता येते. मेमरी कार्डाच्या काळात हे खरं होतं, पुसलेल्या कार्डावरचे फोटो आजही पुष्कळदा निघतात. फोनच्या आतल्या स्टोरेजचं तसं राहिलेलं नाही. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या प्रत्येक नव्या फोनला फाइलनिहाय एन्क्रिप्शन सक्तीचं झालं. त्याच्या किल्ल्या प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्याशी बांधलेल्या असतात. चिप उतरवून दुसऱ्या यंत्रात वाचली तर हाती येतात फक्त सांकेतिक बाइट, आणि रीसेट नेमक्या त्या किल्ल्याच नष्ट करतो. बिघडलेल्या फोनमध्ये किल्ल्या शाबूत असतील तर आशा आहे. रीसेट झालेल्या, व्यवस्थित चालणाऱ्या फोनमध्ये ती नाही.

थांबण्यानं काय साधतं, याचा पुरावा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मिळाला. अँड्रॉइड १४ आल्यावर एकापेक्षा जास्त वापरकर्ते नोंदवलेल्या काही पिक्सेल ६ आणि त्यापुढच्या फोनांत स्टोरेजचा बिघाड झाला. काही फोन सुरू होत होते, पण आतले फोटो उघडेनात. काही फोन सारखे रीबूट होत राहिले. पहिल्या गटातल्या फोनांसाठी गूगलनं नोव्हेंबरच्या अपडेटमधून दुरुस्ती दिली आणि त्यांच्या फाइली रीसेटशिवाय परत उघडल्या. ज्यांनी त्याआधीच घाईनं रीसेट केला, त्यांच्यासाठी त्या अपडेटमध्ये परत उघडण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. सतत रीबूट होणाऱ्यांची वाट याहून अवघड होती, पण त्यांच्याही बाबतीत शक्यता उरली असेल तर ती न पुसलेल्या फोनमध्येच.

मग रीसेटआधी करायचं काय? फोन पुरेसा चार्ज करा आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा पर्याय खरोखर वापरा, कारण प्रत्येक बूटला फाइल सिस्टिमची तपासणी होते आणि कधी कधी तेवढ्यानं काम भागतं. त्यानंतर डेटा न पुसता सिस्टिम पुन्हा बसवण्याचा मार्ग. पिक्सेलसाठी गूगल पूर्ण ओटीए (अपडेटच्या) फाइली देतं, त्या रिकव्हरीतून साइडलोड करता, म्हणजे संगणकावरून चढवता येतात, मात्र आवृत्ती आहे तीच किंवा नवी हवी. सॅमसंगमध्ये संगणकावरून सिस्टिम बसवणारं ओडिन वापरताना होम-सीएससी ही फाइल निवडली तर डेटा राहतो, साधी सीएससी निवडली तर पुसला जातो. दुकानात फोन देताना हे एक वाक्य सांगाच. आयफोन संगणकाला जोडून रिकव्हरी मोडमध्ये नेला की ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ असे दोन पर्याय येतात, त्यातला अपडेट डेटाला हात न लावता आयओएस बसवतो. बूटलोडर अनलॉक करू असं कुणी सुचवलं तर थांबवा. अनलॉक करतानाच डेटा पुसला जातो.

प्रत सुरक्षित आहे, फक्त फोन हवाय, अशांनी खुशाल रीसेट करावा. पण रीसेटनं फोन बरा झालाच, असं धरून चालू नका. २०१२ मध्ये गॅलॅक्सी एस २ आणि गॅलॅक्सी नोटच्या काही फोनांत ईएमएमसी या स्टोरेज चिपच्या फर्मवेअरमध्ये दोष होता. अँड्रॉइड ४.० च्या काही कर्नलवर रिकव्हरीतून डेटा पुसताना चिपला जो इरेजचा आदेश जाई, त्यानंच चिप निकामी होई आणि पुढे बहुधा बोर्डच बदलावा लागे. आजच्या फोनांत तो दोष नाही. झिजलेल्या चिपा मात्र आजही आहेत, आणि त्यातल्या काही शेवटी लिहिणं थांबवून फक्त वाचू देतात. अशा फोनमध्ये रीसेट पूर्ण झाल्याचं दिसतं, फोन पुन्हा सुरू होतो, आणि जुना डेटा जसाच्या तसा समोर येतो. असं दिसलं तर पुन्हा रीसेट करत बसू नका. लगेच केबल जोडा आणि निघेल तेवढं संगणकावर उतरवून घ्या.