पदकाची कड वाचा

सोनाळ्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या घरातल्या पेटीत जुनं पदक निघालं, तर आधी कड बघावी.

• पहिलं महायुद्ध: ब्रिटिश वॉर मेडल (चांदी) आणि व्हिक्टरी मेडल (पितळी रंग, पंखवाली देवता). यांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. घासून चकचकीत करू नये, अक्षरं झिजतात.

• वॉर मेडल काशाचं असेल, तर ते बहुधा मजूर किंवा हमाल तुकडीतल्या माणसाचं. त्याच्या हाती बंदूक नव्हती, पण तोही युद्धावर गेला होता.

• तीन टोकांचा 1914-15 तारा: 1915 संपण्याआधीच रणभूमीवर. नाव पाठीवर.

• ‘110’ आणि ‘मराठा’ कोरलेलं असेल: जुनी पलटण. 1922च्या फेररचनेत हे क्रमांक गेले. तिचे जवान मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात होते. कुत पडलं 29 एप्रिल 1916ला.

• दुसरं महायुद्ध: सहा टोकांचे तारे. बर्मा, आफ्रिका, इटली. रणभूमी ताऱ्यावरच लिहिलेली. इंडिया सर्व्हिस मेडल भारतातल्या तीन वर्षांच्या सेवेसाठी.

• व्हिक्टोरिया क्रॉस: शौर्याची तारीख पाठीवर. हा क्रॉस मिळालेल्या नामदेव जाधव यांची तारीख 9 एप्रिल 1945, ठिकाण इटलीतली सेनिओ नदी.