जॅकेटवरून घरंगळणारा थेंब

जर्मनीत आलो की पहिल्या नोव्हेंबरातच आपण रेनजॅकेट घेतो. पावसाचा थेंब त्यावर मोत्यासारखा गोल होऊन घरंगळतो, आपण खूश! पण तो घरंगळतो कशामुळे? अशा बऱ्याच कापडांवर वर्षानुवर्षं पीएफएएस गटातल्या रसायनांचा थर दिला गेलाय. त्यातला कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका चिवट, की धुताना, झिजताना सुटलेलं हे रसायन मातीत-पाण्यात गेलं की तिथेच मुक्काम ठोकतं. जानेवारी 2023 मध्ये जर्मनीसह पाच देशांनी युरोपात त्यावर निर्बंध घालायचा प्रस्ताव दिला, तो म्हणूनच.

आता गावाकडची घोंगडी आठवा. दख्खनी मेंढीची लोकर, ताण्याला चिंचोक्याची खळ. डोक्यावरून खोळ घेतली की भर पावसात मेंढरं राखता यायची, कारण लोकरीत मेंढीच्या अंगचं मेण असतं, ते पाणी अडवतं. आल्प्सकडचं लोडेन कापड तिचं लांबचं भावंडच: लोकर मळून घट्ट केलेलं. (दोन्ही जड, आणि ओली झाली की दोन्हींना वास येतो. उगाच गोडवे गायला नकोत.)

आज मात्र दख्खनी काय आणि जर्मन काय, जाड लोकर विकून कातरणीची मजुरीसुद्धा अनेकदा सुटत नाही.

घरातलं जॅकेट लगेच फेकू नका, वापरा. नवीन घेताना लेबलवर ‘पीएफएएस-फ्राय’ शोधा. बसस्टॉपपर्यंतच्या पाच मिनिटांसाठी डोंगर चढायचं जॅकेट कशाला लागतं, हे मी अजून स्वतःलाच विचारतेय.