क्युबाचा पेच तेरा दिवसांत सुटला?

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत वडीलधाऱ्यांसमोर 1962 चा विषय काढला की चीनचंच युद्ध निघतं. ते साहजिकच आहे. पण क्युबाचा आपल्याशी संबंध नव्हता, हे मात्र खरं नाही. 20 ऑक्टोबरला चीनने भारतावर हल्ला चढवला, तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत रशिया क्युबातल्या सोव्हिएत अण्वस्त्रांवरून एकमेकांसमोर उभे ठाकत होते. अशा वेळी मॉस्कोला चीनची साथ हवी होती. म्हणून 25 ऑक्टोबरच्या ‘प्रावदा’ या सोव्हिएत वृत्तपत्राने सीमेबाबतच्या चीनच्या प्रस्तावांची बाजू उचलून धरली. पेच निवळताच, 5 नोव्हेंबरला, त्याच पत्राचा सूर तटस्थ झाला. मधल्या दिवसांत आपले जवान एकटे लढत होते, हे विसरता येत नाही.

28 ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्युबातली क्षेपणास्त्रं मागे घ्यायचं कबूल केलं, म्हणून ‘तेरा दिवस’ हा शब्द रूढ झाला. प्रत्यक्षात अमेरिकेची क्युबाभोवतीची नाकेबंदी उठली 20 नोव्हेंबरला. दुसऱ्याच दिवशी चीनने युद्धबंदी पुकारली आणि यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपद हाती घेतलं. क्युबातली छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रं तर डिसेंबर लागेपर्यंत तिथेच होती, आणि अमेरिकेला त्यांचा पत्ताही नव्हता! रशियाने एकतर्फी माघार घेतली, हेही अर्धसत्यच. तुर्कस्तानातली अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रं गुपचूप ठरल्याप्रमाणे एप्रिल 1963 पर्यंत हलली.

वॉशिंग्टन आणि मॉस्कोला जोडणाऱ्या लाल टेलिफोनची कथा सिनेमातली. पेच चालू असताना सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांच्या सांकेतिक तारा न्यायला वॉशिंग्टनमध्ये तारकंपनीचा पोऱ्या सायकलवरून येई. जगाचं भवितव्य त्याच्या पायडलवर! 1963 मध्ये थेट दुवा जोडला गेला, तो टेलिप्रिंटरचा. लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकीमार्गे मॉस्कोपर्यंत. फोनवर घाईत तोंडून भलतंच निघतं. कागदावरचा मजकूर विचार करून वाचता येतो, म्हणून छापील संदेशच पत्करला.

क्युबाच्या पेचानंतर अणुचाचण्या थांबल्या, असंही सर्रास सांगितलं जातं. 5 ऑगस्ट 1963 च्या मॉस्को कराराने हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी आली. चाचण्या थांबवा, असं नेहरू 1954 पासून सांगत होते. भारताने त्याच महिन्यात सही केली. जमिनीखालचा मार्ग मात्र मोकळाच ठेवला गेला. महासत्तांनी तो वर्षानुवर्षं वापरला, आणि 18 मे 1974 रोजी पोखरणला आपण केलेला स्फोटही जमिनीखालीच होता, त्यामुळे या कराराचा भंग झाला नाही.